लाँगबोर्डचे अग्र आणि नोजरायडिंग : आकार व कौशल्य यांच्या परस्परसंबंधाचा इतिहास

१

अवजाराचा आकार आधी सिद्ध होतो व त्यातून कौशल्य जन्मास येते, की कौशल्य आधी अवतरते व अवजार मागाहून त्याच्या मापाचे घडविले जाते, हा प्रश्न हस्तव्यवसायांच्या इतिहासात वारंवार उपस्थित होतो. लेखणीचा छेद आणि अक्षराचे वळण, नांगराचा फाळ आणि मशागतीची रीत, वाद्याची बांधणी आणि वादनशैली, अशा कितीतरी जोड्यांच्या बाबतीत कार्य कोणते व कारण कोणते हे सहजी सांगता येत नाही. या प्रश्नाचा विचार करण्यास सोयीचे असे एक उदाहरण पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्यांवर, मुख्यत्वे हवाई बेटांत व कॅलिफोर्नियात, विसाव्या शतकात घडले. ते म्हणजे सर्फबोर्डच्या अग्राचा आकार आणि त्या अग्रावर उभे राहण्याची कला यांचा परस्परसंबंध. हे उदाहरण सोयीचे अशासाठी की त्यातील बहुतेक टप्प्यांची वर्षे ज्ञात आहेत, कारागिरांची नावे ज्ञात आहेत, आणि त्या काळच्या फळ्याही पुष्कळशा जतन झालेल्या आहेत.

विषयाच्या परिभाषेचा थोडा खुलासा आरंभीच करणे इष्ट होय. फुटण्याच्या बेतात आलेल्या लाटेच्या उतारावरून फळीवर उभे राहून घसरत जाणे म्हणजे सर्फिंग. या फळीच्या पुढच्या टोकास इंग्रजीत ‘नोज’ म्हणजे नाक, मागच्या टोकास ‘टेल’ म्हणजे शेपूट, आणि दोन्ही बाजूंच्या कडांस ‘रेल’ म्हणतात. पिछाडीच्या तळाशी माशाच्या परासारखे जे पाते बसविलेले असते ते ‘फिन’. सामान्यतः नऊ फूट वा त्याहून लांब आणि गोलसर अग्राच्या फळीस लाँगबोर्ड म्हणतात. लाट चालू असताना स्वार फळीच्या मध्यापासून पावलांवर पावले टाकीत पुढे जातो व अगदी टोकावर उभा राहतो, यास नोजरायडिंग अशी संज्ञा आहे. एका पायाची बोटे टोकाबाहेर काढली तर ‘हँग फाइव्ह’ आणि दोन्ही पायांची दहाही बोटे बाहेर काढली तर ‘हँग टेन’.

या कलेसंबंधीची प्रचलित समजूत अशी की, रुंद, सपाट व तळाशी खोलगट कोरलेल्या अग्रामुळेच ती शक्य झाली. म्हणजे आकार हे कारण व कौशल्य हे कार्य. प्रस्तुत निबंधात या समजुतीची तपासणी केली आहे. काळाचा क्रम व जलगतीचे नियम हे दोन्ही पुरावे एकत्र ठेवून पाहिले असता असे दिसते की, कला आधी आली, तिला सर्वाधिक आधार फळीच्या पिछाडीने दिला, आणि अग्राला जो विशिष्ट आकार पुढे प्राप्त झाला त्यास लाटेइतकेच १९६५ सालच्या एका मोजमापाच्या नियमाने चालना दिली.

२

इतिहासाकडे वळण्यापूर्वी या कलेतील भौतिक अडचण कोणती ते पाहणे अवश्य आहे. लांब बाकाच्या पायांबाहेर निघालेल्या टोकावर माणूस बसला की दुसरे टोक उचलले जाते, हा अनुभव सर्वांच्या परिचयाचा आहे. दुसऱ्या टोकावर कोणी बसले असेल तरच बाक जागेवर राहतो. नऊ-साडेनऊ फूट लांबीच्या फळीच्या टोकावर उभा असलेला मनुष्य हा त्या बाकाच्या टोकावर बसलेल्या माणसासारखाच होय. साध्या हिशेबाने अग्र पाण्यात रुतून स्वार पुढे फेकला गेला पाहिजे. मोती काढणारा पाणबुडा डोके खाली करून बुडी मारतो, त्या उपमेवरून या अपघातास ‘पर्लिंग’ असे नाव पडले आहे. तो अपघात न होता फळी तरंगत राहते, यास दोन प्रकारची कारणे आहेत : अग्राला खालून मिळणारी उचल, आणि पिछाडीला वरून मिळणारा दाब.

पहिले कारण पाहू. वेगाने पुढे जाणाऱ्या फळीचा तळ पाण्याला खाली ढकलतो व त्याची प्रतिक्रिया म्हणून पाणी फळीला वर ढकलते. ही उचल स्थूलमानाने तळाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात व वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. अग्र रुंद असेल तर उचल अधिक. आणि वेग निम्म्यावर आला तर तेवढ्याच रुंदीच्या अग्राला मिळणारी उचल एकचतुर्थांशावर येते. म्हणूनच रुंद अग्राची खरी आवश्यकता लहान व संथ लाटांवर भासते. वेगवान लाटेवर अरुंद अग्रही स्वाराचा भार पेलू शकते. अग्राच्या तळाशी खोलगट भाग कोरला असता तेथे आलेले पाणी कडांकडून सहजी निसटत नाही, ते अधिक प्रमाणात खाली वळविले जाते, व त्यामुळे उचलीत भर पडते. पण या लाभाची किंमतही द्यावी लागते. खोलगट तळामुळे पाण्याचा विरोध वाढतो व फळी मंदावते.

दुसरे कारण कमी दिसणारे पण अधिक महत्त्वाचे आहे. लाटेच्या उतारावर पाणी वर चढत असते. फळी लाटेच्या फुटणाऱ्या भागाजवळ राहिली तर हे चढणारे व वरून कोसळू लागलेले पाणी पिछाडीच्या पृष्ठभागावरून वाहते आणि तिला खाली दाबून धरते. बाकाच्या दुसऱ्या टोकावर बसलेला माणूस तो हाच. शिवाय पिछाडीचा तळ वर वळलेला व कडा गोलसर असतील, तर वक्र पृष्ठास चिकटून वाहण्याच्या पाण्याच्या प्रवृत्तीमुळे तेथे दाब कमी होतो व पिछाडी खाली ओढली जाते. कड तीक्ष्ण असेल तर पाणी तेथून सुटते आणि ही ओढ नाहीशी होते. यावरून हेही ध्यानात येईल की, अग्राच्या खोलगटपणामुळे फळी मंदावते ही गोष्ट केवळ दोषरूप नाही. मंदावलेली फळी लाटेच्या फुटणाऱ्या भागाच्या पुढे पळून जात नाही, त्याच्या निकट राहते. आणि पिछाडीला दाबून धरणारे पाणी नेमके तेथेच असते. अग्राच्या आकाराचा एक मोठा उपयोग अशा रीतीने पिछाडीच्या द्वारे होतो.

३

हवाई भाषेत या क्रीडेस ‘हेए नालु’ म्हणतात. ‘हेए’ म्हणजे घसरणे, ‘नालु’ म्हणजे लाट. आणि फळीला ‘पापा हेए नालु’. या नावात घसरण्याची कल्पना आहे, स्वार होण्याची नाही. इंग्रजीत हीच क्रिया ‘रायडिंग’ झाली, म्हणजे तीत घोडेस्वारीची कल्पना शिरली. नावाचा हा फरक किरकोळ वाटला तरी पुढील इतिहासाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. घसरण्यात मनुष्य, फळी व लाट मिळून एकच गती असते. स्वारीत वाहन व वाहक वेगळे होतात, आणि वाहनाच्या कोणत्या भागावर बसावे वा उभे राहावे हा प्रश्न संभवू लागतो. ‘नोजरायडिंग’ हा शब्द स्वारीच्या कल्पनेतूनच सिद्ध झालेला आहे.

कॅप्टन कुक यांच्या तिसऱ्या सफरीतील अधिकारी लेफ्टनंट जेम्स किंग यांनी १७७९ साली हवाईतील केआलाकेकुआ उपसागरात पाहिलेल्या या क्रीडेचे वर्णन लिहून ठेवले, व ते १७८४ साली प्रसिद्ध झाले. तत्कालीन व त्यापुढील काळातील फळ्यांचे मुख्य प्रकार तीन : लहान ‘पाइपो’, मध्यम लांबीची व पातळ ‘अलाया’, आणि सरदारवर्गाची लांब व जाड ‘ओलो’. ओलो हलक्या विलिविली लाकडाची केली जाई. होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात हवाईचे सरदार अबनेर पाकी यांच्या अशा फळ्या आहेत.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अलाया विशेष लक्षणीय ठरते. तिचे अग्र रुंद व गोलसर असून शरीर मागे निमुळते होत जाते व पिछाडी सरळ छाटलेली असते. अग्राची रुंदी हेच जर नोजरायडिंगचे पुरेसे कारण असते, तर ही कला अलायावर केव्हाच रुजली असती. परंतु जुनी वर्णने आडवे पडून, गुडघ्यांवर बसून वा उभे राहून लाटेवरून जाण्याभोवती फिरतात. याचे कारण उघड आहे. अलायाची पिछाडी अरुंद व पातळ, तळाशी फिन नाही, आणि कड बारीक. बाकाच्या दुसऱ्या टोकावर बसणारे तेथे कोणीच नाही. रुंद अग्र आहे पण त्यास तोलून धरणारी पिछाडी नाही, अशी ही रचना होय; आणि म्हणूनच प्रचलित समजुतीविरुद्ध तिची साक्ष महत्त्वाची आहे.

१८२० साली न्यू इंग्लंडमधून मिशनरी हवाईत आले. बाहेरून आलेल्या रोगांनी मूळ लोकसंख्येचा भयंकर ऱ्हास झाला, जुनी समाजव्यवस्था मोडली, आणि तिच्या बरोबर ही क्रीडाही आक्रसत गेली. १८९८ साली हवाई बेटे अमेरिकेत विलीन करण्यात आली. विसाव्या शतकाच्या आरंभी वाइकीकीच्या किनाऱ्यावर सर्फिंगचे पुनरुज्जीवन झाले. १९०८ साली आउटरिगर कनू क्लब स्थापन झाला, व त्यामागोमाग मूळ हवाईवासीयांच्या पुढाकाराने ‘हुई नालु’ हे मंडळ उभे राहिले. जॉर्ज फ्रीथ यांनी १९०७ साली कॅलिफोर्नियात, आणि ड्यूक कहानामोकू यांनी १९१४-१५ साली ऑस्ट्रेलियात या क्रीडेची प्रात्यक्षिके केली. ज्या तीन भूमींत पुढे अग्राच्या आकाराचा वाद रंगला त्या तिन्ही अशा रीतीने एका परंपरेत आल्या.

४

१९२० ते १९५० या काळात फळीच्या रचनेत जे पालट झाले त्यांपैकी एकही नोजरायडिंगच्या हेतूने झालेला नाही, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. टॉम ब्लेक यांनी १९२६ च्या सुमारास जुन्या हवाई फळ्यांच्या नमुन्यावर पोकळ फळी तयार केली व १९३२ साली तिचे पेटंट मिळविले. त्यांचा हेतू फळीचे वजन कमी करण्याचा होता. त्यांनीच १९३५ साली वाइकीकी येथे फळीला प्रथम फिन बसविला. त्याचा हेतू पिछाडी आडवी घसरू नये हा होता. याच घसरण्यावर दुसरा उपाय १९३७ साली जॉन केली, वॉली फ्रॉइसेथ व फ्रॅन हीथ या हवाईतील तरुणांनी शोधला. त्यांनी फळीच्या पिछाडीची रुंदी तासून कमी केली व तळ तेथे किंचित निमुळता ठेवला. या फळ्यांस ‘हॉट कर्ल’ असे नाव मिळाले. राबिट केकाई यांनी अशा फळ्यांवर वाइकीकीच्या लाटांत चपळ वळणांची जी शैली विकसित केली, तिचा प्रभाव पुढील पिढीवर मोठा झाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतू व राळ ही नवी साहित्ये उपलब्ध झाली आणि हलक्या बाल्सा लाकडावर त्यांचे कवच चढविणे शक्य झाले. या काळातील सर्वांत विचारी कारागीर म्हणजे कॅलिफोर्नियाचे बॉब सिमन्स. लिंडसे लॉर्ड यांचा वेगवान नौकांच्या तळाविषयीचा १९४६ सालचा ग्रंथ त्यांनी अभ्यासला व त्यातील तत्त्वे फळीस लावली. त्यांनी फळीचे अग्र चमच्यासारखे वर उचलले व रुंद ठेवले. यामागील हेतू दोन : लाट पकडताना अग्र बुडू नये, आणि फळी पाण्यावर लवकर सरकू लागावी. १९५४ साली ला होया येथील विंडनसी किनाऱ्यावर सर्फिंग करीत असताना त्यांचा अंत झाला. उचललेले रुंद अग्र हा त्यांचा वारसा होय. मात्र तो अग्रावर उभे राहण्यासाठी नव्हता, तर अग्रापासून उद्भवणारे संकट टाळण्यासाठी होता. त्यांच्या सहवासातील जो क्विग व मॅट किव्हलिन यांनी १९४७ च्या सुमारास मालिबू येथे अधिक हलक्या, वळणास सोप्या फळ्या घडविल्या. पूर्वीच्या रेडवुड फळ्यांच्या तुलनेत त्यांचे वजन इतके कमी होते की त्यांच्यावर पावले टाकीत मागेपुढे सरकणे प्रथमच सुसाध्य झाले.

येथे एक सामान्य तत्त्व नोंदविता येईल. तीन स्वतंत्र अडचणींवर तीन स्वतंत्र उपाय योजले गेले : वजन कमी झाले, पिछाडी स्थिर झाली, अग्र बुडण्याचे थांबले. हे तीन उपाय एका फळीत एकत्र आल्यावर चौथी गोष्ट, जिची कोणी योजना केली नव्हती, ती शक्य झाली. कौशल्याचा जन्म पुष्कळदा अशा अनपेक्षित संगमावर होतो.

५

टोकावर दहाही बोटे काढून उभे राहण्याचा पहिला मान सामान्यतः डेल व्हेल्झी यांना दिला जातो. कॅलिफोर्नियातील मॅनहॅटन बीचच्या धक्क्याजवळ १९५१ साली त्यांनी हे साधले, अशी परंपरागत नोंद आहे. अशा ‘पहिल्या’ मानांबाबत इतिहासकाराने नेहमीच सावध असावे. किनाऱ्यावर ज्याने पाहिले त्याच्या स्मरणापलीकडे त्यास फारसा आधार नसतो. पण १९५० च्या दशकाच्या आरंभी ही कला अवतरली, आणि तेव्हा अग्र तिच्यासाठी म्हणून घडविलेले नव्हते, एवढे निश्चयाने म्हणता येते.

याहून उद्बोधक गोष्ट म्हणजे त्याच व्हेल्झी यांनी १९५५ साली घडविलेली ‘पिग’ म्हणजे ‘डुक्कर’ या नावाची फळी. तिच्यात त्यांनी फळीची सर्वाधिक रुंदी मध्यापासून मागे नेली; त्यामुळे पिछाडी भरदार व अग्र अरुंद झाले. हेतू वळण सुलभ करण्याचा होता. अग्राच्या रुंदीवर सर्व काही अवलंबून असते, तर या फळीवर नोजरायडिंग मागे पडावयास हवे होते. प्रत्यक्षात १९५५ नंतरची वर्षे हीच मालिबू व आसपासच्या किनाऱ्यांवर त्या कलेच्या बहराची वर्षे होत. भरदार पिछाडीवर अधिक पाणी चढते व ते तिला अधिक घट्ट धरते, हे वर सांगितलेले तत्त्व येथे प्रत्ययास येते. अलाया व पिग ही दोन उदाहरणे परस्परांशेजारी ठेवली म्हणजे पक्ष पुरेसा स्पष्ट होतो. रुंद अग्र व दुबळी पिछाडी असता कला रुजली नाही. अरुंद अग्र व भरदार पिछाडी असता ती बहरली.

१९५८ साली होबी ऑल्टर व गॉर्डन क्लार्क यांनी पॉलियुरेथेन फेसाच्या फळ्यांचे उत्पादन सुरू केले. १९६१ साली क्लार्क यांनी स्वतःचा कारखाना काढला, व तो २००५ पर्यंत या व्यवसायातील प्रमुख पुरवठादार राहिला. लाकडाची प्रतवारी, सांधे व वजन यांच्या कटकटीतून कारागीर मुक्त झाला. फेस रंध्याने व घासकागदाने सहज कापला जातो. तळाशी खोलगट भाग कोरणे हे आता थोड्या वेळाचे काम झाले. १९५९ साली ‘गिजेट’ हा चित्रपट आला, ग्राहकांची संख्या एकाएकी वाढली, आणि निर्मात्यांस एकमेकांपासून वेगळे दिसणे भाग पडले. अग्राच्या आकारावर प्रयोग करण्यास अनुकूल अशी सामग्री व बाजारपेठ या दोन्ही गोष्टी अशा रीतीने सिद्ध झाल्या. उणीव होती ती एका निमित्ताची.

६

ते निमित्त सांगण्यापूर्वी या काळात निर्माण झालेल्या शब्दांकडे दृष्टी टाकणे उपयुक्त ठरेल. कारण कारागिरांनी लेख लिहिले नाहीत, पण नावे ठेवली, आणि नावांतून त्यांचे मूल्यमापन व्यक्त होते. ‘हँग फाइव्ह’ व ‘हँग टेन’ या संज्ञांत मोजणी आहे. पाच बोटे की दहा, हा प्रश्न पाहणाऱ्यास दुरूनही सोडविता येतो. १९६० साली ‘हँग टेन’ याच नावाने कपड्यांचा व्यवसाय सुरू झाला व दोन पावलांचे चिन्ह घेऊन ते नाव समुद्रापासून दूर असलेल्यांपर्यंतही पोहोचले.

याउलट ‘चीटर फाइव्ह’ ही संज्ञा पाहावी. स्वार मागच्या पायावर भार ठेवून खाली बसतो व पुढचा पाय लांबवून त्याची बोटे टोकाबाहेर काढतो, यास हे नाव आहे. ‘चीटर’ म्हणजे फसविणारा. पाच बोटे बाहेर आहेत म्हणून मोजणी पुरी होते. पण शरीराचा भार मागेच राहिल्यामुळे धोका पत्करलेला नसतो. मोजणी व मर्म यांत अंतर पडू शकते, याची जाणीव त्या समाजाला होती, इतकेच नव्हे तर तिच्यासाठी त्याने स्वतंत्र शब्दही घडविला होता. पुढील घटनेच्या प्रकाशात ही गोष्ट अधिक अर्थपूर्ण वाटेल.

७

१९६५ च्या जुलै महिन्यात कॅलिफोर्नियातील व्हेन्चुरा येथे टॉम मोरी यांनी केवळ नोजरायडिंगची अशी एक स्पर्धा भरविली. रोख पारितोषिके देणारी ही स्पर्धा सर्फिंगमधील पहिली व्यावसायिक स्पर्धा म्हणून गणली जाते. मोरी हे स्वतः फळ्यांचे निर्माते व शोधक वृत्तीचे गृहस्थ होते. पुढे १९७१ साली ‘बूगी बोर्ड’ ही आडवे पडून वापरावयाची लहान फळी त्यांनीच निर्माण केली. तत्पूर्वीच्या स्पर्धांत परीक्षक आपल्या अभिरुचीनुसार गुण देत, व त्यावरून वाद होत. मोरी यांनी त्यावर उपाय योजला. फळीच्या पुढच्या पंचवीस टक्के भागास रंग द्यावा, स्वार त्या रंगीत भागावर किती सेकंद उभा राहतो ते घड्याळाने मोजावे, आणि ज्याचे सेकंद अधिक तो विजयी. या स्पर्धेत मिकी मुनोझ विजयी झाले.

हेतू निर्दोष होता. पण नियमाचा परिणाम नियमकर्त्याच्या हेतूपुरता मर्यादित राहत नाही. एकदा सेकंद हेच फळ ठरल्यावर फळीची रचनाही सेकंदांसाठीच होऊ लागली. अग्र शक्य तितके रुंद, तळ शक्य तितका खोलगट, पृष्ठभागाची जाडी अग्राकडे कमी केलेली, पिछाडी जड व वर वळलेली, असे घटक एकत्र येऊ लागले. फळीची वळण्याची क्षमता, वेग, लाटेच्या भिन्न भागांत संचार करण्याची सोय, या गोष्टी घड्याळात उमटत नव्हत्या; म्हणून त्या मागे पडल्या. १९६५ व १९६६ या दोन वर्षांत बहुतेक प्रमुख निर्मात्यांनी नोजरायडिंगची खास फळी बाजारात आणली. बिंग कोपलँड यांच्या कारखान्याने डेव्हिड नुउहिवा यांच्या नावाने काढलेली ‘नोजरायडर’ ही त्यांतील विख्यात होय. तिच्या अग्राचा तळ खोलगट होता. रिच हार्बर यांच्या फळीचे नाव तर ‘चीटर’ असेच होते. ज्या शब्दाने पूर्वी स्वाराच्या लबाडीचा निर्देश होई तो आता फळीला, आणि तोही गौरवाने, लागला. अर्थांतराचे हे छोटे उदाहरण त्या दोन वर्षांचा इतिहास थोडक्यात सांगते.

येथे न्याय्य दृष्टी ठेवणे अवश्य आहे. मोजमापाने केवळ हानीच केली असे म्हणता येणार नाही. अग्राच्या उचलीचा पद्धतशीर शोध याच काळात झाला. रुंदी, तळाचा सपाटपणा, खोलगटपणाची लांबी व खोली हे घटक वेगवेगळे करून पाहण्यास स्पर्धेनेच चालना दिली. होनोलुलूत १९४८ साली जन्मलेले नुउहिवा यांच्यासारख्या स्वाराच्या हाती या फळ्यांनी अपूर्व असे सौंदर्य निर्माण केले, याबद्दल प्रतिस्पर्ध्यांनीही शंका घेतली नाही. प्रश्न कलेच्या सौंदर्याचा नव्हता. तिच्यासाठी इतर सर्व गुणांचा बळी द्यावा काय, हा होता.

८

त्याचे उत्तर वर्षभरातच मिळाले. १९६६ साली सॅन डिएगो येथे जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा झाली. नुउहिवा यांच्याकडे संभाव्य विजेते म्हणून पाहिले जात होते. परंतु अजिंक्यपद मिळाले ते ऑस्ट्रेलियाचे नॅट यंग यांना. त्यांची फळी नऊ फूट चार इंच लांबीची, तत्कालीन फळ्यांच्या मानाने पातळ, आणि ‘सॅम’ या नावाने प्रसिद्ध होती. तिच्यामागे ऑस्ट्रेलियन कारागीर बॉब मॅकटॅव्हिश व कॅलिफोर्नियाचे जॉर्ज ग्रीनो यांचे विचार होते. ग्रीनो यांनी ट्यूना माशाच्या पराच्या धर्तीवर अरुंद व लवचीक फिन तयार केला होता. या फळीवर यंग लाटेच्या फुटणाऱ्या भागाकडे परतून जोरकस वळणे घेत. टोकावरची स्तब्धता हे एक ध्येय, आणि लाटेच्या अत्यंत शक्तिमान भागात अखंड संचार हे दुसरे. या दोहोंत परीक्षकांनी दुसऱ्याची निवड केली. १९६७ साली ऑस्ट्रेलियाचे जॉन विट्झिग यांनी अमेरिकन नियतकालिकात ‘आता आम्हीच श्रेष्ठ’ अशा आशयाच्या शीर्षकाचा लेख लिहून या विजयाचा डंका पिटला, व त्यावरून मोठा वाद माजला.

त्यानंतरचा पालट विलक्षण वेगाने झाला. १९६७ च्या डिसेंबरात मॅकटॅव्हिश व यंग यांनी माउई बेटावरील होनोलुआ उपसागरात आपल्या नव्या, आखूड, व्ही आकाराच्या तळाच्या फळ्या चालविल्या. १९६८ नंतर फळ्यांची लांबी नऊ-दहा फुटांवरून झपाट्याने सात फुटांच्या आसपास व त्याखाली आली. आखूड, टोकदार अग्राच्या फळीवर चालत जाण्यास जागाच उरली नाही. अग्राचे काम आता केवळ वाऱ्यास व पाण्यास छेदण्याचे राहिले. पंधरा-सोळा वर्षांत विकसित झालेली एक संपूर्ण कला, तिची परिभाषा व तिच्यासाठी घडविलेले आकार, दोन-तीन वर्षांत जुनाट ठरले. खास प्रयोजनासाठी टोकाचे विशेषीकरण झालेले अवजार प्रयोजन बदलताच निरुपयोगी होते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

तथापि येथे एक भेद विसरता कामा नये. पराभव झाला तो नोजरायडिंगचा नव्हे, तर केवळ त्याच्यासाठी घडविलेल्या फळीचा, आणि केवळ त्याच्याच मोजणीचा. यंग हे स्वतः अग्रावर उत्तम उभे राहत. परंतु लोकमानसाने हा भेद केला नाही. फळीबरोबर कलाही टाकून दिली. साधन व साध्य यांची एकदा गल्लत झाली की एकाच्या अस्तात दुसऱ्याचाही अस्त होतो.

९

लाँगबोर्डचे पुनरागमन १९८० च्या दशकात झाले. १९८६ साली लाँगबोर्डचे जागतिक व्यावसायिक अजिंक्यपद मिळविले ते नॅट यंग यांनीच, आणि पुढे १९८८, १९८९ व १९९० या वर्षीही तेच विजयी झाले. ज्यांच्या विजयाने लाँगबोर्डचा अस्त आरंभला त्यांच्याच हातून त्याचा पुनरुदय व्हावा, हा इतिहासातील योगायोग लक्षणीय होय. हवाईत जन्मलेले व कॅलिफोर्नियात कारागिरी केलेले डोनाल्ड ताकायामा, जे १९५० च्या दशकापासून या व्यवसायात होते, त्यांनी जुन्या आकारांचे ज्ञान नव्या पिढीस दिले. त्यांच्या फळ्यांवर वाढलेले जोएल ट्यूडर १९९८, २००४ व २०२१ अशा तीन वेळी लाँगबोर्डचे जागतिक विजेते ठरले. ट्यूडर यांनीच २०१० साली सुरू केलेल्या ‘डक्ट टेप इन्व्हिटेशनल’ या स्पर्धामालिकेने जड, जुन्या धर्तीच्या फळ्यांना व नोजरायडिंगला पुन्हा प्रतिष्ठा दिली.

या पुनरुज्जीवनात १९६५ चा घड्याळाचा नियम मात्र सर्वमान्य मापदंड झाला नाही. किती वेळ उभे राहिले यापेक्षा लाटेच्या कोणत्या भागात उभे राहिले, तेथवर पावलांवर पावले टाकीत गेले की उड्या मारीत, परत मध्यावर येताना तोल कसा राखला, या गोष्टींकडे जाणकारांचे लक्ष वळले. आकारांतही तोच समतोल दिसतो. आज जे कारागीर नोजरायडिंगची फळी घडवितात ते अग्राच्या रुंदीइतकाच पिछाडीच्या बाकाचा, कडांच्या गोलाईचा, फिनच्या उंचीचा व एकूण वजनाचा विचार करतात. कोणी खोलगट अग्र पसंत करतो, कोणी साधे सपाट. कोणी १९५५ च्या ‘पिग’कडे परतून अरुंद अग्राचीच फळी करतो, आणि तिच्यावरही दहा बोटे बाहेर निघतात. एकच कौशल्य अनेक आकारांवर साध्य होते, ही वस्तुस्थिती आकार हेच एकमेव कारण मानणाऱ्या मताचे आपोआप खंडन करते.

आरंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून तीन निष्कर्ष मांडता येतात. पहिला असा की, या उदाहरणात कौशल्य खास आकाराच्या आधी आले. आणि ते शक्य झाले ते भिन्न हेतूंनी झालेल्या सुधारणांच्या संगमातून. दुसरा असा की, अग्राचा आकार नोजरायडिंगला साहाय्य करतो, विशेषतः संथ लाटांवर. पण त्याचे कार्य पिछाडीपासून वेगळे काढून समजत नाही. डोळ्यांसमोर असलेला भाग कारण वाटतो व पाण्याखाली दडलेला भाग विसरला जातो, ही चूक केवळ सर्फबोर्डच्या बाबतीतच होते असे नाही. तिसरा, आणि विद्यार्थ्यांनी अधिक मनन करावे असा, निष्कर्ष हा की, मोजमापाची पद्धत ही तटस्थ नसते. जे मोजता येते त्याकडे कारागिरी वळते. जे मोजले जात नाही ते झिजत जाते. आणि मोजणीचा निकष बदलला की त्याच्या आश्रयाने वाढलेले सर्वच एका वेळी कोसळते. ‘चीटर फाइव्ह’ हा शब्द घडविणाऱ्या किनाऱ्यावरील निनावी तरुणांना हे उमगले होते. त्यांच्या त्या एका शब्दात बोटांची संख्या पुरी आहे, आणि ती पुरी असूनही काय उणे आहे त्याची नोंदही आहे.